बिबळ्याचा पेला आणि प्रयोगशाळेची कसोटी

मधुमेहाचे निदान झाले की औषधांच्या पाकिटांबरोबर पुष्कळ घरांत आणखी एक वस्तू येते. कोणी आप्त ती यात्रेहून आणतो, कोणी वनौषधींच्या प्रदर्शनातून, कोणी आयुर्वेदीय औषधांच्या दुकानातून. ही वस्तू म्हणजे तांबूस-तपकिरी लाकडाचा, कातारी कामाचा पेला. रात्री निजण्यापूर्वी त्यात पाणी भरून ठेवावयाचे आणि सकाळी अनशापोटी ते प्यावयाचे, एवढाच त्याचा विधी. रात्रभरात पाण्याला सोनेरी-तांबूस रंग चढतो. आणि तेच पाणी काचेच्या भांड्यात ओतून उजेडात तिरपे धरले तर त्याच्या कडेला निळसर झाक खेळू लागते.

या रंगाचा मनावर फार परिणाम होतो. लाकडातून पाण्यात काहीतरी उतरले, हे डोळ्यांना दिसते, आणि जे दिसते त्यावर विश्वास बसावयास वेळ लागत नाही. परंतु काय उतरले, किती उतरले, आणि जे उतरले ते पोटात गेल्यावर रक्तातील साखरेचे काय करते, हे प्रश्न रंगाने सुटत नाहीत. हे प्रश्न केवळ कुतूहलाचे आहेत असेही नव्हे. ज्या मुलाच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट झाल्या आहेत, त्याचे इन्सुलिन बंद करून त्याला हे पाणी देऊ लागल्यास थोड्याच दिवसांत रक्तात आम्लद्रव्ये साचतात, शुद्ध हरपते आणि प्राणावर बेतते. उलट, प्रौढ वयात मधुमेह जडलेल्या माणसाच्या बाबतीत या लाकडात खरोखरच काही गुण असेल, तर त्याची भाबडी समजूत म्हणून हेटाळणी करणे हेही नुकसानच होय. दोन्ही बाजूंची ही जोखीम ध्यानात घेतली म्हणजे एखाद्या जुन्या औषधी वनस्पतीची परीक्षा कशी करतात, हे समजून घेण्याचे महत्त्व कळते. बिबळ्याचे उदाहरण त्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. कारण या एका झाडाच्या वाट्याला परीक्षेच्या जवळजवळ सर्व पायऱ्या आल्या, आणि त्यांतील एका पायरीवर मोठा वादही झाला.

बिबळा, बिवळा, असाणा, बिजा अशी या वृक्षाची ठिकठिकाणची नावे आहेत. बाजारात तो बहुधा विजयसार या नावाने ओळखला जातो, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला टेरोकार्पस मार्सुपियम म्हणतात. सह्याद्रीपासून विदर्भाच्या रानांपर्यंत तो आढळतो. लाकूड टिकाऊ असल्यामुळे घरबांधणीत आणि शेतीच्या अवजारांत त्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला. सालीला चीर दिली की तांबडा डिंक वाहतो. तो ‘मलबार काइनो’ या नावाने एकेकाळी युरोपात जात असे आणि तेथील वैद्य तो स्तंभक म्हणून अतिसारावर देत. आयुर्वेदात असन, बीजक, पीतसार ही नावे येतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात असनादि गण म्हणून औषधांचा एक समूह सांगितला आहे आणि तो ज्या विकारांवर उपयोगी म्हटला आहे त्यांत प्रमेह आहे.

प्रमेह आणि आजचा मधुमेह ही दोन नावे सरसकट एकाच अर्थाने वापरणे मात्र बरोबर नाही. प्रमेह ही मूत्रविकारांची मोठी जात. मधुमेह हा तिच्यातील एक प्रकार. तरीही प्राचीन वैद्यांचे निरीक्षण कच्चे नव्हते. मूत्राकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेत नमूद आहे, आणि प्रमेहाचा एक रोगी स्थूल व बलवान तर दुसरा कृश व दुर्बल असतो, त्यांची चिकित्सा वेगळी करावी, हेही तेथे सांगितले आहे. आजचे वैद्यक मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानते त्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. ग्रंथाधार असा भक्कम असला की परीक्षेचे निम्मे काम झाले, अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुतः ग्रंथ एवढेच सांगतो की कोठे खणून पाहावे. पाणी लागेल की नाही, हे खणल्यावाचून कळत नाही.

परीक्षेची पहिली पायरी अगदी साधी, आणि म्हणूनच वारंवार चुकणारी: हातातले लाकूड नेमके कोणाचे? असन हेच नाव उत्तर व पूर्व भारतात पुष्कळ ठिकाणी ऐनाला देतात. ऐन हा टर्मिनेलिया कुळातील निराळाच वृक्ष. बाजारात भुकटी स्वरूपात आलेले ‘असन’ कोणते, हे भुकटीकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून कोणताही नीट केलेला अभ्यास झाडाची फांदी, पाने, शेंग यांचा नमुना वाळवून वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह ठेवण्यापासून सुरू होतो. पुढे कोणी शंका घेतली तर तो नमुना काढून पाहता यावा. त्यानंतर झाडाचा भाग ठरवावा लागतो. साल, बाहेरचे फिकट लाकूड आणि आतला गाभा या तिहींची रासायनिक घडण एक नसते. पीतसार या नावातील ‘सार’ म्हणजे हा गाभाच. त्यात टेरोस्टिल्बीन, मार्सुप्सिन, टेरोसुपिन अशी द्रव्ये सापडली आहेत. सालीतून एपिकॅटेचिन मिळाले. पेला गाभ्याचा आहे की कडेच्या लाकडाला रंग देऊन केलेला आहे, यावर सारेच अवलंबून राहते.

पुढचा प्रश्न द्रव्य काढण्याच्या रीतीचा. शार्ङ्गधराने काढ्याची रीत सांगितली आहे: कुटलेल्या औषधाच्या सोळापट पाणी घालून ते आटवीत अष्टमांश उरवावयाचे. प्रयोगशाळेत पाणी, मद्यार्क किंवा मिथेनॉल वापरून अर्क काढतात. पेल्यात उकळणे नाही, कुटणे नाही. गार पाणी लाकडाच्या पृष्ठाला रात्रभर लागून राहते, इतकेच. टेरोस्टिल्बीन हे पाण्यात फारच थोडे विरघळणारे द्रव्य आहे. मद्यार्कात काढलेल्या अर्काने दाखविलेला गुण पेल्यातील पाण्याच्या पदरात टाकता येत नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. जाहिराती मात्र तो बिनदिक्कत टाकतात.

अर्क हाती आला की परीक्षानळीतील कसोट्या सुरू होतात. यांपैकी सर्वांत लोकप्रिय कसोटी ऑक्सिडीकरणविरोधी गुणाची. लोखंडाला गंज चढतो, कापलेले सफरचंद काळवंडते, जुने तेल खवट होते, ही सारी प्राणवायूच्या क्रियेची रूपे. शरीरातही अन्न जळताना काही अतिचंचल कण निर्माण होतात; त्यांना मुक्तमूलके म्हणतात. त्यांच्या ठायी एक इलेक्ट्रॉन एकाकी असतो आणि जोडीदारासाठी ती शेजारच्या कोणत्याही रेणूवर झडप घालतात. जो पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतो तो ऑक्सिडीकरणविरोधी. हा गुण मोजण्यासाठी डी. पी. पी. एच. नावाचे एक जांभळे रसायन वापरतात. त्यात अर्काचे थेंब टाकले की जांभळा रंग उडून पिवळा होतो, आणि रंग किती उडाला ते यंत्राने मोजता येते. निम्मा रंग उडविण्यास किती अर्क लागला यावरून त्याची शक्ती ठरते. एका सकाळीत डझनभर अर्क तपासून होतात, खर्च थोडा, आणि निकाल डोळ्यांना दिसणारा. या कसोटीवर प्रसिद्ध झालेल्या निबंधांची गणती करणे अवघड आहे, याचे कारण यातच आहे.

बिबळ्याचा अर्क ही कसोटी सहज उतरतो. पण चहाही उतरतो, आवळाही उतरतो, डाळिंबाची साल, हळद, कात आणि सुपारीही उतरते. ज्या वनस्पतीत टॅनिनसारखी तुरट द्रव्ये विपुल आहेत ती प्रत्येक वनस्पती या परीक्षेत उत्तीर्ण होणारच. जी परीक्षा सर्वच विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतात, तिच्यावरून निवड कशी करावयाची? शिवाय परीक्षानळी म्हणजे माणूस नव्हे. ही तुरट द्रव्ये आतड्यातून फार थोडी शोषली जातात आणि जी शोषली जातात त्यांचे यकृत लगेच रूपांतर करते. अमेरिकेच्या कृषिखात्याने खाद्यपदार्थांच्या ऑक्सिडीकरणविरोधी शक्तीची एक मोठी कोष्टकवजा यादी ठेवली होती. परीक्षानळीतील या आकड्यांचा शरीरातील परिणामांशी संबंध लावता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण देऊन त्या खात्याने २०१२ साली ती काढून टाकली. खुद्द माणसांवरील अनुभवही सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांना कित्येक वर्षे जीवनसत्त्व ई, बीटा-कॅरोटीन किंवा निर्गुण गोळी देऊन पाहिली. १९९४ साली निकाल बाहेर आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी अधिक आढळला. रंग उडविण्याची शक्ती त्या द्रव्यात नव्हती असे नाही. ती असूनही हे घडले.

नळीतील दुसरी कसोटी थेट मधुमेहाशी नाते सांगते. भात-भाकरीतील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी पाचकद्रव्ये आतड्यात असतात. त्यांना अडविले तर जेवणानंतर साखर सावकाश चढते. अ‍ॅकार्बोज नावाचे औषध याच मार्गाने काम करते, तेव्हा कसोटीचे तत्त्व खोटे नाही. पण टॅनिनांचा स्वभावच असा की ती कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याला निकामी करतात. कातडे कमावतात ते याच गुणावर. पाचकद्रव्य हे प्रथिनच. तेव्हा नळीत पाचकद्रव्य थंडावले म्हणून वनस्पतीत मधुमेहावरचे औषध गवसले असे होत नाही. कदाचित केवळ तुरटपणा मोजला गेला असेल.

यानंतर येतात जनावरांवरील प्रयोग, आणि बिबळ्याच्या इतिहासातील खरे नाट्य येथेच घडले. ते समजण्यासाठी उंदराला मधुमेही कसे करतात हे आधी सांगितले पाहिजे. १९४३ साली ग्लासगो येथे शॉ डन आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच विषयाच्या मागे होते. युद्धातील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडे का बिघडतात, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी नाना रसायने सशांना टोचून पाहत असता अ‍ॅलॉक्सन या द्रव्याने मूत्रपिंडाऐवजी स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या पेशीच मरतात असे त्यांना आढळले. तेव्हापासून अ‍ॅलॉक्सन हे मधुमेहाच्या संशोधनातील एक हत्यार झाले. १९६३ पासून स्ट्रेप्टोझोटोसिन हे दुसरे हत्यार त्याच्या जोडीला आले, आणि पुढे तेच अधिक रूढ झाले.

अ‍ॅलॉक्सन पेशीला मारते कसे? त्याचा रेणू साखरेच्या रेणूशी पुष्कळ मिळताजुळता असल्यामुळे इन्सुलिनच्या पेशी त्याला साखर समजून साखरेच्याच दाराने आत घेतात. आत शिरल्यावर ते पुन्हा पुन्हा ऑक्सिडीकरणाच्या फेऱ्यात सापडून मुक्तमूलकांचा मारा करते. या पेशींच्या ठायी अशा माऱ्याला तोंड देणारी द्रव्ये मुळातच अल्प असतात. म्हणून त्या मरतात. म्हणजे अ‍ॅलॉक्सन हे विष ऑक्सिडीकरणाच्या वाटेने काम करणारे आहे. आता कल्पना करावी की एखाद्या संशोधकाने उंदराला आधी ऑक्सिडीकरणविरोधी अर्क पाजला आणि नंतर अ‍ॅलॉक्सन टोचले. अर्काने मुक्तमूलके शांत केली, पेशी वाचल्या, उंदीर मधुमेही झाला नाही. निबंधात लिहिले जाते, ‘अर्कात मधुमेहनाशक गुण आढळला.’ प्रत्यक्षात आढळला तो अ‍ॅलॉक्सनवरचा उतारा. माणसाला मधुमेह अ‍ॅलॉक्सन पिऊन होत नाही. या पद्धतीतील फसगत किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण पुरे आहे: अ‍ॅलॉक्सन टोचण्याच्या लगेच आधी भरपूर ग्लुकोज दिले तरी उंदीर मधुमेहापासून वाचतो, आणि मद्यार्क दिला तरीही वाचतो. त्या न्यायाने साखर आणि दारू ही दोन्ही मधुमेहावरची औषधे ठरावयाची!

ऑक्सिडीकरणविरोधी आणि मधुमेहविरोधी हे दोन गुण निबंधांच्या मथळ्यांत नेहमी जोडीने येतात. ही जोडी कित्येकदा वनस्पतीत नसून परीक्षेच्या रीतीत असते, ती अशी. उलट दिशेनेही ही गफलत होते. मधुमेही उंदराच्या यकृतात ऑक्सिडीकरणाच्या खुणा वाढलेल्या असतात. अर्क दिल्यावर त्या उतरल्या की ऑक्सिडीकरणविरोधी गुण सिद्ध झाला असे म्हटले जाते. पण नुसते इन्सुलिन देऊन साखर उतरविली तरी त्या खुणा उतरतात. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे करण्याची सोय प्रयोगातच ठेवावी लागते.

बिबळ्याच्या सालीतील एपिकॅटेचिनची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १९८० च्या सुमारास चक्रवर्ती, गुप्ता आणि गोडे या भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केले की हे द्रव्य आधी दिल्यास उंदीर अ‍ॅलॉक्सनपासून वाचतात. आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, अ‍ॅलॉक्सनने मधुमेही झालेल्या उंदरांना ते नंतर दिल्यास इन्सुलिनच्या नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होतात. हा दावा लहान नव्हता. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले, तेव्हापासून त्या जातीच्या मधुमेहावर बाहेरून इन्सुलिन देणे हाच आधार राहिला होता. मेलेल्या पेशी पुन्हा उगवू लागल्या तर तो आधारच अनावश्यक ठरला असता. म्हणून जगाच्या अन्य प्रयोगशाळांनी तो प्रयोग लगेच हाती घेतला. १९८२ ते १९८५ या काळात युरोप-अमेरिकेतील निरनिराळ्या गटांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधुमेही झालेल्या जनावरांची साखर एपिकॅटेचिनने पूर्ववत झाल्याचे त्यांना दिसले नाही. एका गटाने तर रसायन टोचून नव्हे, जात्याच मधुमेही होणाऱ्या उंदरांच्या वंशावरही ते द्रव्य वापरून पाहिले. त्यांच्यातही इष्ट परिणाम मिळाला नाही.

मूळ संशोधकांनी पाहिले ते खोटे होते असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. अ‍ॅलॉक्सनची मात्रा थोडी हलकी पडली तर काही पेशी जिवंत राहतात आणि काही उंदीर कोणतेही औषध न घेता आपोआप सुधारतात. म्हणूनच औषध न दिलेल्या मधुमेही उंदरांचा गट शेजारी ठेवावा लागतो, आणि औषध सुरू करण्यापूर्वी रोग स्थिरावला आहे याची खात्री करून घ्यावी लागते. याहून सूक्ष्म अशी एक खूण जाणत्या वाचकाला निबंधातच सापडते. तुलनेसाठी बहुधा ग्लिबेनक्लॅमाइड हे रूढ औषध वापरतात. हे औषध जिवंत पेशींकडून इन्सुलिन पिळून काढते; पेशीच नसतील तर ते निरुपयोगी. तेव्हा ज्या प्रयोगात ग्लिबेनक्लॅमाइडने साखर उतरली, त्या प्रयोगातील उंदरांच्या पेशी पूर्णपणे मेलेल्या नव्हत्या हे उघड होय, मग मथळ्यात काही का लिहिलेले असेना.

गाभ्याच्या लाकडाची गोष्ट सालीहून काहीशी निराळी झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांची साखर टेरोस्टिल्बीन आणि मार्सुप्सिन यांनी उतरल्याचे दिसले. येथे द्रव्ये शुद्ध होती आणि त्यांची ओळख पटलेली होती, हे त्या कामाचे मोल. उंदरांवरील मात्रांविषयी मात्र एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अर्क उंदराला दर किलो वजनामागे २०० ते ५०० मिलिग्रॅम देण्याची प्रथा आहे. लहान प्राण्याची चयापचयक्रिया शीघ्र असल्यामुळे हा आकडा माणसाला तसाच लावीत नाहीत. साधारण सहाने भागतात. तसे केले तरी साठ किलोच्या माणसाला रोज दोन ते पाच ग्रॅम सुका अर्क घ्यावा लागेल. लाकूड नव्हे, लाकडातून काढून सुकविलेला अर्क.

शेवटची कसोटी माणसाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसाराची परीक्षा चार केंद्रांत केली आणि तिचा वृत्तान्त १९९८ साली प्रसिद्ध झाला. नुकतेच निदान झालेले, इन्सुलिनवर अवलंबून नसलेले ९७ रुग्ण घेऊन त्यांना बारा आठवडे अर्क दिला. मात्रा रोज दोन ग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे चार ग्रॅमपर्यंत वाढविली. ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. उपाशीपोटीची साखर सरासरीने १५१ वरून ३२ मिलिग्रॅमने आणि जेवणानंतरची २१६ वरून ४५ मिलिग्रॅमने खाली आली. चार रुग्णांची जेवणानंतरची साखर फारच चढल्यामुळे त्यांना परीक्षेतून काढून घ्यावे लागले. अपाय आढळले नाहीत.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत, यात शंका नाही. परंतु त्याच वृत्तान्तात आणखी एक आकडा आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला साखर चिकटून राहते आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे चार महिन्यांचे असल्यामुळे तिच्यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. आज प्रयोगशाळेच्या कागदावर एचबीएवनसी म्हणून जो आकडा येतो तो हाच. तो ९.८ टक्क्यांवरून ९.४ वर आला, म्हणजे फारच थोडा हलला. तो सातच्या आसपास यावा अशी सामान्यतः अपेक्षा असते. शिवाय ही परीक्षा खुली होती: आपण काय देतो हे वैद्याला आणि आपण काय घेतो हे रुग्णाला ठाऊक होते, आणि शेजारी तुलनेचा गट नव्हता. नवे निदान झालेला माणूस धास्तीने गोड सोडतो, चालावयास जातो, आणि ज्या दिवशी साखर सर्वांत चढली होती त्याच दिवशी बहुधा त्याचे निदान झालेले असते. तेव्हा नुसता काळ गेला तरी आकडे थोडे उतरतातच. ही उणीव ओळखूनच पुढे टॉलबुटामाइड या जुन्या औषधाशी विजयसाराची दुहेरी अंधपरीक्षेत तुलना करण्यात आली. तिचा वृत्तान्त २००५ साली आला. दोन्ही गटांत बहुतेकांची साखर आटोक्यात आली. टॉलबुटामाइडच्या गटात हे प्रमाण काहीसे अधिक होते. निर्गुण औषधाचा तिसरा गट तेथेही नव्हता. अशा परीक्षांना किती महत्त्व असते हे जांभळाच्या उदाहरणावरून दिसते. जांभळाच्या बियांची कीर्ती विजयसाराहून अधिक. पण ब्राझीलमध्ये जांभळाचा चहा तुलनेचा गट ठेवून रुग्णांना देऊन पाहिला तेव्हा साखरेवर त्याचा परिणाम दिसला नाही.

वनस्पतीपासून मधुमेहावरील औषधापर्यंतचा सबंध प्रवास पाहावयाचा असेल तर युरोपातील गॅलेगा या झुडपाकडे वळले पाहिजे. तेथील लोकवैद्यकात ते जुने. त्यातील गॅलेजिन हे द्रव्य साखर उतरविते, पण ते विषारी निघाले. त्याच जातीचे सौम्य द्रव्य, मेटफॉर्मिन, १९२२ साली डब्लिन येथे कृत्रिम रीतीने तयार झाले आणि जवळजवळ विसरले गेले. पुढे १९५७ साली पॅरिसमध्ये झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन आपला अनुभव प्रसिद्ध केला. अमेरिकेत त्याला १९९४ च्या अखेरीस परवानगी मिळाली. आज प्रौढ वयातील मधुमेहावर जगभर मुख्यत्वे जे औषध दिले जाते ते हेच. या यशाला लोकवैद्यकाने दिशा दाखविली, परंतु रुग्णाच्या हाती आली ती झुडपाची पाने नव्हेत.

आता पुन्हा पेल्याकडे. वरील दोन्ही परीक्षा ग्रॅमने मोजलेल्या अर्काच्या होत्या. पेल्याच्या पाण्यात तितके द्रव्य उतरणे संभवत नाही. आणि जे उतरते तेही स्थिर नसते. नव्या पेल्याचे पाणी गडद होते, काही आठवड्यांनी फिके पडते, आणि मग लाकूड घासून पुन्हा वापरा असा सल्ला मिळतो. म्हणजे पहिल्या दिवशीची मात्रा आणि चाळिसाव्या दिवशीची मात्रा एक नव्हे. साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने भुकटी किंवा अर्क स्वतःच्या मताने जोडल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरून घेरी, घाम, थरथर असा प्रसंग ओढवू शकतो. म्हणून वैद्याला त्याची कल्पना देणे आवश्यक ठरते. ‘निव्वळ वनस्पतिज’ म्हणून विकल्या गेलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिबेनक्लॅमाइड चोरून मिसळलेले निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत सापडले आहे. अशा गोळीचा गुण ताबडतोब येतो आणि त्याचे श्रेय वनस्पतीला मिळते. मधुमेह बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या अनेक वेषांत येतच राहतात. पेला वापरावयाचाच असेल तर नेहमीचे औषध तसेच ठेवून, आरंभी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा एचबीएवनसी पाहणे हा कोणत्याही घराला परवडणारा प्रयोग आहे. दरम्यान आहारही बदलला असेल तर उतरलेल्या आकड्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न मात्र त्या घरापुढेही तसाच उभा राहतो.

खुद्द वृक्षाचीही एक बाजू आहे. गाभ्याचे लाकूड तयार व्हावयास झाडाला अनेक वर्षे लागतात, आणि ते मिळवावयाचे तर झाड तोडावेच लागते. इमारती लाकूड आणि औषध या दुहेरी मागणीमुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत बिबळ्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावर आलेल्या जातींमध्ये झाली आहे. म्हणून गाभ्याऐवजी पाने वापरता येतील का, याचा शोध काही प्रयोगशाळांनी हाती घेतला आहे. पानांसाठी झाड पाडावे लागत नाही. परंतु पानांतील द्रव्ये गाभ्यातील द्रव्यांहून निराळी असल्यामुळे १९९७ चे, १९९८ चे किंवा २००५ चे निष्कर्ष त्यांना लागू होत नाहीत, आणि वनस्पतिसंग्रहालयातील नमुन्यापासून रुग्णापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या त्यांच्यासाठी नव्याने चढाव्या लागणार आहेत.